बियापासून लावलेल्या ब्रुग्मान्सियाला फूल येत नाही? आधी बेचकं शोधा

झाड दोन वर्षांचं झालं, पानं वीत-दीड वीत लांब, खत-पाणी वेळच्या वेळी, तरी एक कळी नाही. बियापासून ब्रुग्मान्सिया, म्हणजे लोंबत्या घंटेसारख्या फुलांचं, धोतऱ्याच्या नात्यातलं झाड, वाढवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यावर उत्तर म्हणून बहुतेक वेळा एखाद्या खताचं नाव मिळतं. खताचा संबंध आहे, पण तो बराच नंतरचा. या झाडाला फूल धरण्याआधी सरळ वर गेलेल्या दांड्याला बेचकं फुटावं लागतं. ते अजून फुटलंच नसेल, किंवा फुटल्यावर छाटणीत गेलं असेल, तर कुठल्याही खताने कळी येणार नाही. म्हणून निदानाची सुरुवात तिथून करायची.

बेचक्याखालचं झाड आणि बेचक्यावरचं झाड

बियाचं रोप आधी एकाच दांड्यावर वाढतं. दोन ते सहा फुटांच्या दरम्यान कुठेतरी मधला शेंडा थांबतो आणि त्याच जागेवरून साधारण सारख्या जाडीच्या दोन, क्वचित तीन फांद्या निघतात. गलोलीला लागतं तसं बेचकं तयार होतं. पहिली कळी पुष्कळदा या बेचक्यातच दिसते आणि हरभऱ्याएवढी असतानाच गळून पडते. तो रोग नाही. झाड वयात आल्याची ती खूण आहे. त्यानंतर वरची फांदी जिथे जिथे पुन्हा दुभागते, तिथे तिथे कळी येते.

बेचकं फुटलंय की नुसते बाजूचे फुटवे आहेत, हे ओळखता येत नसेल तर पान बघा. खालच्या दांड्यावरचं एक पान आणि वरच्या फांदीवरचं एक पान तोडून शेजारी शेजारी ठेवा. खालच्या पानाचं पातं देठाला दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी मिळतं. वरच्या, फुलणाऱ्या भागातल्या पानाचं बूड तिरकं असतं: एका बाजूचं पातं देठावर थोडं आणखी खाली उतरलेलं, वांग्याच्या पानाला असतं तसं. वांगं याच कुळातलं. बूड सरळ असेल तर ती फांदी अजून पोरवयात आहे, मग ती कितीही उंच गेलेली असो.

बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. बेचक्याखालून निघालेला प्रत्येक फुटवा पोरवयाचाच असतो. त्याला पुन्हा तेवढी पेरं वाढून स्वतःचं बेचकं करावं लागतं. आपल्याकडे तुळस, शेवंती, मोगरा यांचा शेंडा खुडायची सवय हाताला इतकी आहे की ब्रुग्मान्सियाचं रोप फूटभर झालं की शेंडा आपोआप खुडला जातो. झाड डेरेदार दिसतं, फुटवे चार होतात, आणि फूल सहा-आठ महिने लांब जातं. दुसरी चूक जाणतेपणाने होते. हिवाळ्यात झाड फूटभरावर छाटून टाका, हा सल्ला जिथे बर्फ पडतो तिथल्या बागांसाठी असतो. तिथे झाड गारठ्यातून वाचवायला घरात न्यावं लागतं. पुण्या-नाशिकला किंवा कोकणात ती गरजच नाही. उलट फुलांचा ऐन हंगाम म्हणजे पावसाळा ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा, आणि नेमकी त्याच वेळी छाटणी होते.

तेव्हा बियाच्या रोपाचा शेंडा बेचकं फुटेपर्यंत खुडायचा नाही. आधीच खुडला असेल तर आलेल्या फुटव्यांतला सर्वांत जाड, सर्वांत सरळ एक ठेवा, बाकीचे जिथून फुटले तिथूनच काढा आणि ठेवलेल्याला बांबूचा आधार द्या. झाड उंच वाटतंय म्हणून छाटायचंच असेल तर बेचक्याच्या वर प्रत्येक फांदीला किमान सहा ते दहा पेरं राखून छाटा. छाटणीची योग्य वेळ म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलांचा बहर संपल्यावर. सिकेटर हातात घेण्याआधी बेचक्याला सुतळी बांधून ठेवलीत, तर माळ्याच्या हातूनही चूक होत नाही.

किती वाट पाहायची? चांगल्या वाढलेल्या संकरित रोपाला पेरणीपासून आठ-दहा महिन्यांतही फूल येऊ शकतं, पण दीड वर्ष हा जास्त प्रामाणिक अंदाज आहे. लहान कुंडीत, सावलीत अडकलेलं रोप तीन वर्षंही घेतं.

पण हे ब्रुग्मान्सियाच आहे ना?

पाकिटावर 'एंजल्स ट्रम्पेट' हे ब्रुग्मान्सियाचं इंग्रजी नाव लिहिलेलं असतं आणि आत धोतऱ्याच्या बिया निघतात, असं फार वेळा घडतं. हा घोळ जुना आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली या झाडाला धोतऱ्याच्याच प्रजातीत घातलं होतं. पर्सून या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०५ मध्ये ते वेगळं केलं, तरी व्यापारात दोन्ही नावं अजून एकमेकांत मिसळलेली आहेत. बी हातात घेतल्यावर फरक कळतो. धोतऱ्याचं बी चपटं, कानाच्या आकाराचं, चार-पाच मिलिमीटरचं असतं. ब्रुग्मान्सियाचं बी त्याच्या दुप्पट मोठं, कोनेदार, हलकं आणि बुचासारख्या जाड सालीत गुंडाळलेलं असतं. रोप वाढल्यावरही कळतं: तीन-चार महिन्यांत फूल आलं, ते आकाशाकडे तोंड करून उभं राहिलं आणि मागून काटेरी बोंड धरलं, तर तो धोतरा. ब्रुग्मान्सियाची फुलं खाली लोंबतात, फळाला काटे नसतात आणि खोड लाकडी होतं.

निळ्या ब्रुग्मान्सियाच्या नावाने बिया विकत घेऊ नका. पांढरा, पिवळा, केशरी, गुलाबी, लाल, थोडा हिरवट एवढेच रंग या झाडात आहेत. निळा नाही. गडद जांभळी, एकात एक घातल्यासारखी दुहेरी फुलं धोतऱ्याची असतात. शिवाय बी संकरित झाडाचं असेल तर आईचा रंग लेकीत उतरेलच असं नाही. ठरावीक रंगच हवा असेल तर कलमाच्या काडीला पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट पेरण्याआधीच बघायला हवी. लाल, अरुंद नळीसारख्या फुलांची, जवळपास बिनवासाची सँग्विनिया ही जाती अँडीज पर्वतातल्या उंच, थंड हवेतली. आर्बोरिया आणि व्हल्कॅनिकोला याही थंडीच्याच. मुंबई, नागपूर, पुण्याच्या उन्हाळ्यात त्या तग धरत नाहीत, धरला तरी फुलत नाहीत. आपल्या हवेला ऑरिया, व्हर्सिकलर, इन्सिग्निस, सुआव्हिओलेन्स आणि त्यांचे संकर चालतात. उटी-कोडाईकनालच्या बाजूला वाटेकडेला पांढऱ्या घंटा लोंबताना दिसतात, ती बहुधा सुआव्हिओलेन्स. दक्षिण अमेरिकेतल्या मूळ जंगलांत मात्र ब्रुग्मान्सियाच्या सातांपैकी एकही जाती आता रानटी अवस्थेत शिल्लक असल्याचं मानलं जात नाही. हे झाड आज माणसाने लावलं तिथे, किंवा तिथून पसरलं तिथेच जगतं आहे, त्यामुळे एक रोप नीट वाढवणं हेही मोलाचं काम आहे.

बी कुजतं, रुजत नाही, रुजलं तर कोलमडतं

हात घालण्यापूर्वी हातमोजे घाला. या झाडाचं बी, पान, फूल, मूळ, सगळंच विषारी आहे. त्यात स्कोपोलामाइन, हायोसायमाइन आणि अॅट्रोपिन असतं. रस लागलेलं बोट डोळ्याला लागलं तरी बाहुली मोठी होऊन तासन् तास, कधी दोन-चार दिवसही धूसर दिसतं. बी दाताने सोलायचं नाही, भिजवायला स्वयंपाकघरातली वाटी घ्यायची नाही, ते पाणी बेसिनमध्ये न ओतता लगेच संडासात टाकायचं. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर कुंडी त्यांच्या पोहोचेबाहेर हवी. छाटलेल्या फांद्या गाई-शेळ्या फिरतात तिथे टाकू नका. कोणाच्या पोटात काही गेलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. पान किंवा फूल पिशवीत घालून बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

आता बी. कोमट पाण्यात २४ तास भिजवा. बिया तरंगतील. तरंगणारं बी पोकळ, असं समजून लोक ते फेकून देतात, आणि इथेच अर्धं पाकीट वाया जातं. वांगी-मिरचीला लावतो ती कसोटी इथे चालत नाही, कारण तरंगतं ते बाहेरचं बूच. भिजून मऊ झालेल्या या सालीच्या कडेला नखाने दाबलं की ती फटीने उघडते आणि आतून मिरचीच्या बीसारखं, पण मोठं, चपटं खरं बी बाहेर येतं. ते कडक आणि भरलेलं असेल तर चांगलं. दाबल्यावर पिचलं किंवा आत काळपट पाणी निघालं तर गेलं. साल काढण्याचे दोन फायदे आहेत. बूच पाणी धरून ठेवतं आणि त्यावरच आधी बुरशी चढते, ती टळते. शिवाय उगवताना ती साल टोपीसारखी पहिल्या दोन पानांवर अडकून बसते, तेही टळतं. तरीही टोपी अडकलीच तर ओढू नका. ओला कापूस तासभर तिच्यावर ठेवा, मग टोकदार चिमट्याने अलगद सोडवा.

माध्यमात शेणखत, गांडूळ खत काहीही घालायचं नाही. दोन भाग कोकोपीट, एक भाग पर्लाईट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे). कोकोपीट दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यातला खार जायला हवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, एवढाच ओलावा. बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल. तापमान २२ ते २७ अंश सेल्सिअस. पस्तिशीच्या वर पारा गेला की बी रुजण्याऐवजी शिजतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये पेरू नका. देशावर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा, कोकणात आणि मुंबईत पाऊस ओसरू लागल्यावरचे सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस चांगले. ताजं, सोललेलं बी दहा दिवसांपासून तीन-चार आठवड्यांत दिसायला लागतं. जुनं किंवा न सोललेलं सहा-आठ आठवडेही घेतं, तेव्हा महिन्याभरात ट्रे रिकामा करू नका.

उगवल्यानंतरचे तीन आठवडे सर्वांत घातकी. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी आडवं पडलेलं असतं आणि मातीलगत मान दोऱ्यासारखी बारीक, तपकिरी झालेली दिसते. हीच ती मर, रोपवाटिकेत मिरचीची रोपं कोलमडतात तीच. आडवं पडलेलं रोप वाचत नाही. शेजारची वाचवायची. ट्रेवर झाकण असेल तर ते पूर्ण काढा, वारा खेळू द्या, वरून पाणी घालणं बंद करा. ट्रे दहा मिनिटं पाण्याच्या थाळीत ठेवून खालून पाणी शोषू द्या आणि वरचा थर कोरडा पडल्याशिवाय पुन्हा देऊ नका. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) लिटरला ५ ग्रॅम मिसळून एकदा दिलं तर चांगलंच, पण ते पेरतानाच दिलेलं जास्त उपयोगी पडतं. झाकण पहिलं रोप दिसलं त्याच दिवशी निघायला हवं. बाकीच्या बिया उगवायच्या आहेत म्हणून ते ठेवलं जातं आणि उगवलेली रोपं हातची जातात.

बेचकं लवकर यावं म्हणून

खरी पानं तीन आली की ४ इंची कुंडी, मुळं खालच्या भोकातून डोकावली की ८ इंची, मग १२, आणि शेवटी १६ ते १८ इंची. यातली एकही पायरी दोन-दोन महिने रेंगाळली तर रोप तिथेच थबकतं. ८ इंची कुंडीत वर्ष काढलेलं रोप पुढे मोठ्या कुंडीत घातलं तरी वेग धरायला वेळ घेतं. जमिनीत जागा असेल तर उत्तमच: दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत. काळ्या मातीत पाणी साचत असेल तर गादीवाफा करून उंचावर लावा.

सकाळचं चार ते सहा तास ऊन हवं. पश्चिमेच्या भिंतीलगतचं मार्च ते मेचं ऊन पानं करपवतं, तिथे ५० टक्क्यांची हिरवी जाळी लावा. पूर्ण सावलीत झाड पानांनी भरतं आणि बेचकं मात्र लांबतच जातं.

पाण्यात फसगत होते ती अशी. भर दुपारी पानं मलूल होऊन लोंबतात, तहान लागली म्हणून लगेच पाणी घातलं जातं. एवढ्या मोठ्या पानांतून पाणी इतकं उडतं की माती ओली असूनही मुळं पुरवू शकत नाहीत. ऊन कललं की पानं आपोआप उभी राहतात. म्हणून बोट दोन इंच मातीत घालून पाहा. कोरडं असेल तर कुंडीच्या भोकातून वाहेपर्यंत पाणी द्या, वाफसा असेल तर थांबा. सकाळी सात वाजताही पानं लोंबलेली आणि माती ओलीच, तर मुळं कुजायला लागलीत. झाड बाहेर काढा, काळी, मऊ, वास येणारी मुळं कापून टाका, एक तृतीयांश पर्लाईट किंवा जाड वाळू असलेल्या नव्या मिश्रणात लावा आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवा.

हे खादाड झाड आहे. जास्त खताने जेवढी ब्रुग्मान्सिया अडतात त्यापेक्षा उपाशीपोटी अडणारी जास्त. १२ इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी गांडूळ खत आणि एक मूठ निंबोळी पेंड. शिवाय दर आठ-दहा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला २ ग्रॅम, ओल्या मातीत, दीड-दोन लिटर. बेचकं फुटल्यावर एकाआड एक वेळी त्याऐवजी पालाश जास्त असलेलं १३:००:४५, तेही लिटरला २ ग्रॅम. नुसता युरिया देऊ नका, पानंच पोसली जातील. चुनखडीची माती किंवा बोअरचं जड पाणी असेल तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. ती लोहाची कमतरता. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी फवारा. तेच चित्र जुन्या पानांवर दिसलं तर मॅग्नेशियम सल्फेट लिटरला २ ग्रॅम.

बेचकं फुटलं, कळ्याही आल्या, पण गळतात

बेचक्यातली पहिली कळी सोडा. त्यानंतरही कळ्या पिवळ्या पडून गळत असतील तर आधी पानाची खालची बाजू बघा. पांढऱ्या कागदावर पान झटका आणि अर्धा मिनिट थांबा. कागदावर चालणारे ठिपके दिसले तर लाल कोळी. वरून पानाला फिकट, रवाळ टिपके दिसतात ते त्याचेच. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात हा हमखास येतो. पाइपच्या जोरदार धारेने पानांची खालची बाजू दर तिसऱ्या दिवशी, दोन आठवडे धुवा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, ऊन गेल्यावर. पारा तिशीच्या पुढे असेल तर ते फवारायचं नाही, आणि निंबोळी तेल फवारलं असेल तर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं भाजतात. या झाडाची पानं तेला-साबणालाही नाजूक असतात. आधी दोन पानांवर फवारून दोन दिवस बघा.

शेंड्याची पानं अरुंद, कडक, खाली वळलेली झाली आणि कळ्या वाटाण्याएवढ्याच वाळल्या, तर तो मिरचीवरच्या चुरडामुरड्यासारखा प्रकार. डोळ्यांना न दिसणारा कोळी कोवळ्या शेंड्यात बसलेला असतो. त्यावरही गंधकच चालतं, शेंड्यात नीट पोहोचवा. आठवड्याने पुन्हा एकदा. पण पानांवर गडद-फिकट हिरव्या रंगाची नक्षी उमटली आणि पानं वेडीवाकडी, फोडाळ झाली, तर तो विषाणू. त्याला औषध नाही. झाड काढून टाका, सिकेटर साबणाने घासून धुवा. याच कुळातल्या तंबाखूवरचा विषाणू हातांनीही पसरतो. तंबाखू मळलेल्या हाताने छाटणी करू नये, माळ्यालाही हात साबणाने धुवायला सांगा.

कीड नसेल तर पाण्याचा ताण आठवा. कळी भरत असताना एकदा जरी कुंडी पूर्ण सुकली तरी त्या खेपेच्या सगळ्या कळ्या जातात, पुढच्या दिवशी कितीही पाणी दिलं तरी. कुंडी एका जागेवरून दुसरीकडे हलवल्यानेही गळ होते. आणि एप्रिल-मेमध्ये गळत असतील तर काही करू नका. रात्री उकाडा असेल तोवर हे झाड कळी धरून ठेवत नाही. फक्त ओलावा आणि सावली सांभाळा. रात्री गार व्हायला लागल्या की बहर येतो. तो एकदम येतो, ओसरतो आणि चार-सहा आठवड्यांनी पुन्हा येतो. मधल्या काळात फूल नाही म्हणून खत बदलायची गरज नाही.

एकदा फूल आलं की त्या झाडाची बेचक्यावरची, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी काढून ठेवा. पाण्यात किंवा ओल्या पर्लाईटमध्ये तिला दोन ते चार आठवड्यांत मुळं येतात. ती वयात आलेल्या भागातली असल्यामुळे दोन-तीन फुटांवरच फुलते. बाल्कनीसाठी हीच योग्य. बेचक्याखालची काडी लावलीत तर ती पुन्हा सरळ उंच जाईल.

बी धरायचं असेल तर एक झाड बहुधा पुरत नाही. आर्बोरिया सोडली तर ब्रुग्मान्सिया स्वतःच्या परागाने सहसा फळ धरत नाही, आणि एकाच झाडाच्या काड्यांपासून केलेली दहा झाडं म्हणजे परागाच्या हिशेबाने एकच झाड. वेगळ्या बीपासूनचं दुसरं झाड हवं. संध्याकाळी फूल उमलताना ब्रशने पराग लावा. फळ पिकायला चार-सहा महिने लागतात.

पहिलं फूल उघडलं आणि पाकिटावरच्या केशरीऐवजी पांढरं निघालं, तर लगेच निराश होऊ नका. व्हर्सिकलर आणि तिचे संकर पांढरे उमलतात आणि रंग दोन-तीन संध्याकाळी चढत जातो. तिसऱ्या दिवशी, दिवे लागणीला वास सुटल्यावर पुन्हा बघा.